रंजनाला तिसरी हवी होती

सुमनताईंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात टपालावर शिक्के मारत होते. "मीना, रंजना गेली," त्या म्हणाल्या, आणि मी शिक्का मारता मारता विचारलं, "कुठे?" यात माझी फारशी चूक नव्हती. गेली बारा-तेरा वर्षं आमच्यात 'रंजना गेली' याचा अर्थ एकच होता, रंजना कुठल्या तरी गावाला पोहायला गेली. पुण्याला गेली, बंगळूरला गेली, एकदा कोलकात्याला गेली आणि तारीख चुकीची वाचल्यामुळे दोन दिवस आधीच पोचून तलावाच्या दारात गादी टाकून बसली. ती आजारी आहे हे मला माहीत होतं, दोन आठवड्यांपूर्वीच दवाखान्यात भेटून आले होते, तरीसुद्धा तोंडातून 'कुठे' असंच आलं. मग मला कळलं. हातातला शिक्का एका पाकिटावर तसाच टेकून राहिला होता. शाई पसरून त्यावरचा पत्ता पार गेला. ते पत्र कुणाला जायचं होतं हे आमच्या ऑफिसला आजवर कळलेलं नाही.

त्या शेवटच्या भेटीत ती पिवळीधमक झाली होती. काविळीचं निदान व्हायला उशीर झाला आणि तोवर लिव्हरने हात टेकले होते. डोळे पिवळे, नखं पिवळी. मी काय बोलावं या विचारात खुर्चीवर बसले, तर तीच म्हणाली, "बघ मीने, झेंडू झालाय माझा. बापाने आयुष्यभर पिकवला, आता घरातच उगवला." तिच्या वडिलांचा नाशकाजवळ मखमलाबादला झेंडूचा आणि शेवंतीचा मळा. नर्स हसली, मी हसले, आणि तिची आई तेवढी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

ती गेल्यावर पेपरात बातमी आली. 'अपंगत्वावर मात करणारी जलपरी' असं काहीतरी छापलं होतं. रंजनाला हा शब्द अजिबात आवडायचा नाही. एका सत्कारात तो वापरला गेला तेव्हा ती मला कुजबुजत म्हणाली होती, "जलपरीला पायच नसतात. माझा निदान एक तरी बरा हाय." तिला जाऊन आता दीड महिना होईल. बातमीतली सगळी पदकं बरोबर होती, पण ती पदकं कशी झाली हे त्यात नव्हतं. ते मला ठाऊक आहे, कारण त्यात माझा हात आहे. म्हणजे, हात-पाय मारण्याइतपत.

मोबाईल यायच्या आधीचे दिवस होते. अपंगांना एसटीडीचे बूथ मिळायचे, तसा मलाही पंचवटीत एक मिळाला होता. बी.कॉम. होऊन बसले होते, डाव्या पायाला लहानपणीच पोलिओ झालेला. काचेच्या त्या खोक्याशेजारी टेबल टाकून दिवसभर बसायचं आणि लोकांची भांडणं, साखरपुडे, कांद्याचे भाव न ऐकल्यासारखं करून ऐकायचे. एका दुपारी फुलांची रिकामी पाटी घेतलेली एक मुलगी आली. उजव्या पायाला पोलिओ, पण आधाराचं लोखंडी कॅलिपर नाही. हात गुडघ्यावर दाबून, झोके घेत चालायची. पाटी बाहेर ठेवून ती खोक्यात शिरली आणि पुण्याला फोन लावून ओरडायला लागली. काच बंद होती तरी अख्ख्या गल्लीला ऐकू येत होतं. "आवो, गेल्या साली पण तुम्ही रेसच नाय घेतली! दोघीच हाय म्हणून! तिसरी कुठून आणू मी? मळ्यात पिकवू का?"

मला नंतर सगळं समजलं. अपंगांच्या राज्य स्पर्धेत प्रत्येक गटात किमान तीन स्पर्धक लागत, नाहीतर शर्यतच रद्द. पायाच्या पोलिओच्या मुलींच्या गटात रंजना होती आणि निफाडच्या शाळेतल्या शिक्षिका सुमनताई होत्या. बस. दोन वर्षं दोघी पुण्याला जात होत्या, कपडे बदलून काठावर उभ्या राहत होत्या आणि 'सहभाग प्रमाणपत्र' घेऊन कोरड्याच परत येत होत्या. राज्याचं सुवर्ण नाही म्हणून रंजनाला राष्ट्रीय स्पर्धेला पाठवत नव्हते. संघटनेतल्या बाबूंनी तिला तिसऱ्यांदाही तेच सांगितलं होतं.

ती फोन आपटून बाहेर आली. तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, माझ्या टेबलाखाली होतं. तिथे माझं कॅलिपर दिसत होतं. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तसा माझा पाय पाहून त्याआधी कुणालाही झाला नव्हता.

"पोलिओ?"

"हो."

"पोहता येतं?"

"नाही."

"मग तर लय बेस," ती म्हणाली आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली.

घरी सांगितलं तेव्हा बाबा अंबडच्या कारखान्यातून नुकतेच आले होते. स्पर्धा कसली, त्यांनी विचारलं. पोहण्याची, मी म्हटलं. "पण तुला पोहता येत नाही." "म्हणूनच बोलावलंय," मी म्हटलं. बाबा चहाचा कप खाली ठेवून आईला म्हणाले, "हिला अजून दोन वेळा विचार. मला नीट ऐकू आलेलं नाही." आईची काळजी वेगळीच होती. तिला पोहण्याचा पोशाख पाहायचा होता. त्या काळी नाशकात लहान मुलींसाठीचा मिळायचा, बाईमाणसाच्या मापाचा मिळेना. शेवटी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका शिंप्याकडून गडद निळ्या कापडाचा शिवून घेतला. बाह्या अर्ध्या, गळा बंद, खाली आईच्या आग्रहाखातर झालर. शिंप्याने हाताच्या सवयीने छातीवर एक खिसाही लावला होता. पाण्यात उतरलं की तो खिसा भरायचा आणि मी डावीकडे कलायला लागायचे. "पेन ठेव त्यात," रंजना म्हणाली, "परीक्षक विसरला तर देता येईल."

शहरातल्या पोहण्याच्या तलावावर दुपारच्या बायकांच्या बॅचला आम्ही जायचो. पहिल्याच दिवशी मी काठावर काढून ठेवलेलं कॅलिपर रखवालदाराने उचलून हरवलेल्या वस्तूंच्या कपाटात टाकलं. असली वस्तू कुणी विसरून घरी जाईल असं त्याला वाटलंच कसं, म्हणून मी चिडले. रंजना शांतपणे म्हणाली, "त्याला वाटलं, पाण्याचा गुण आला, चालत गेली." तिने मला शिकवलं त्या पद्धतीला काय नाव द्यावं मला कळत नाही. एकीकडे ती अतिशय कडक होती, नाकातोंडात पाणी जाऊन मी खोकत असताना "खोक, खोक, पण हात चालू ठेव" म्हणायची. दुसरीकडे तिला माझ्याकडून काहीच नको होतं. मी जिंकायला नको, दुसरीही यायला नको. फक्त मी एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जिवंत पोचावं, एवढीच तिची अपेक्षा. इतक्या कमी अपेक्षेने माझ्यावर इतकी मेहनत कुणी घेतली नव्हती. "पाण्याशी भांडू नको," ती सांगायची. "फुलबाजारात पाटी घेऊन शिरल्यावर आपण काय करतो? सरका, सरका करत जातो का नाय? तसं पाण्याला बाजूला सार."

ती स्वतः शिकली मळ्यातल्या विहिरीत. तिच्या थोरल्या भावाला वडील पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकवत होते आणि ही पायरीवर बसून बघायची, कारण हिला शिकवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. एक दिवस भाऊ जेवायला गेला तेव्हा तिने तो डबा स्वतःच्या पाठीला बांधला आणि उतरली. मी विचारलं, भीती नाही वाटली? "कशाची? भावाला बघत होते ना मी. त्याचे दोन्ही पाय धड, पण पाण्यात नुसते वेडेवाकडे मारत होता. मला वाटलं, हे तर मला आधीपासून जमतंय." मग म्हणाली, "विहिरीत कुणाचाच पाय टेकत नाय, मीने. तिथं समदे सारखेच."

दीड महिन्यांनी आम्ही तिघी एसटीने पुण्याला गेलो. सुमनताई तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर, शाळेत गणित शिकवायच्या. केस भिजू नयेत म्हणून त्या मान ताठ वर ठेवून पोहत, त्यामुळे शर्यतीतसुद्धा वर्गावर लक्ष ठेवून असल्यासारख्या दिसत. शर्यत पन्नास मीटरची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. शिट्टी झाली आणि रंजना गेली. मला तिचं पोहणं नीट पाहायचं होतं, पण मी त्याच शर्यतीत असल्यामुळे ते राहून गेलं. अर्ध्यात पोचले तेव्हा दोघीही पोचून गेल्या होत्या. मी मात्र खिशाच्या वजनाने डावीकडे सरकत सरकत दोरीखालून शेजारच्या रिकाम्या पट्ट्यात शिरले होते. काठावर पंचांची चर्चा सुरू झाली. एक म्हणाले बाद करा. दुसरे, पांढऱ्या टोपीतले वयस्कर गृहस्थ, म्हणाले, "बाद केली तर तीन पूर्ण होत नाहीत आणि शर्यतच जाईल. तिला परत तिच्या पट्ट्यात येऊ द्या, कुणाला अडथळा झालाय?" खरंच कुणाला झाला नव्हता. तलावात मी एकटीच होते.

तेवढ्यात रंजना काठावर दिसली. ओलीचिंब, हात गुडघ्यावर दाबून, झोके घेत माझ्या बरोबरीने चालत होती आणि सगळ्या तलावाला ऐकू जाईल अशी ओरडत होती, "सरका! सरका! सरका!" पंच म्हणाले, सूचना द्यायच्या नाहीत. ती म्हणाली, "तिला नाय, पाण्याला सांगतेय." मला आठवतं ते एवढंच, की माझे हात दुखत होते, नाकात क्लोरीन होतं आणि मला हसू येत होतं. पाण्यात हसणं फार धोक्याचं असतं. मी भिंतीला हात लावला तेव्हा पुढच्या शर्यतीची मुलं टाळ्या वाजवत होती आणि चहावाला आपली किटली खाली ठेवून बघत उभा होता. रंजनाने मला काखेत धरून वर ओढलं आणि घोषणा केली, "झालं बाई एकदाचं माझं सुवर्ण!"

मला कांस्य मिळालं. महाराष्ट्रातली तिसरी. तीनमधली तिसरी, हे घरी सांगायची गरज नव्हती, पण बाबांनी विचारलंच.

त्या वर्षी ती राष्ट्रीयला गेली आणि जिंकून आली. मग पुढची सहा-सात वर्षं हे असंच चाललं. दर वर्षी आम्ही तिघी पुण्याला, रंजना पहिली, सुमनताई दुसऱ्या, मी तिसरी, आणि मग रंजना पुढे, आम्ही परत नाशकात. गावात तिची ट्रॅक्टरवरून मिरवणूक निघाली तेव्हा गळ्यात इतके हार पडले की वडील मागून म्हणाले, "उद्याच्या बाजारचा माल हाय तो, जरा हळू." एकदा शहरात मोठा सत्कार ठेवला होता. अपंग खेळाडूंसाठी म्हणून खास उंच स्टेज बांधलं होतं आणि त्याला आठ उभ्या पायऱ्या होत्या. निवेदकाने तीनदा नाव पुकारलं. रंजनाने खालूनच हात केला आणि म्हणाली, "साहेब, तुम्हीच खाली या. मी पाण्यातली, मला चढता येत नाय." साहेब खाली आले. पाठोपाठ फोटोग्राफर, शालींची थाळी, नारळ, सगळं एकामागून एक खाली आलं, आणि शेवटी स्टेजवर फक्त निवेदक उरला.

पण आमच्यात एक फार वाईट वर्षही आलं. ते वगळून लिहिलं तर रंजनाला आवडणार नाही, तिला अर्धवट काही आवडायचं नाही.

फुलं बांधायला आणलेल्या रद्दीत तिला एक जाहिरात सापडली. सरकारी कारकुनाच्या जागा, अपंगांसाठी राखीव, त्यात खेळाडूंना प्राधान्य. ती बूथवर आली, कागद माझ्यासमोर सरळ करून ठेवला आणि म्हणाली, "भर माझा फॉर्म. माझ्या एवढी पदकं कुणाकडं हायेत?" मी वाचत खाली गेले. शेवटच्या ओळीत पदवी मागितली होती. रंजना दहावी नापास, इंग्रजीत, तीनदा. मी तिला ते सांगितलं. तिने कागद माझ्याकडे ढकलला आणि म्हणाली, "मग तू भर. तुझ्याकडं हायेत ना पदकं."

मी भरला. आणि सहा कांस्यपदकांवर मला ती नोकरी लागली.

पेढे घेऊन मी मखमलाबादला गेले. ती शेवंतीच्या वाफ्यात बसून फुलं खुडत होती. मान वर केली नाही. "कशाचे?" नोकरीचे, मी म्हटलं. "कुणाच्या पोहण्याची नोकरी?" तिने विचारलं. मी पेढ्यांचा खोका पुढे केला. तिने एक पेढा उचलून तोंडात टाकला, "गोड हाय" म्हणाली आणि पुन्हा खुडायला लागली. बांधावरून परत येताना माझं कॅलिपर दोनदा चिखलात रुतलं. एरवी ती धावत आली असती, तिच्या पद्धतीने धावत. त्या दिवशी आली नाही. पुढे चार महिने ती बोलली नाही. मी सुमनताईंकडे रडले. त्या गणिताच्या शिक्षिका, त्यांनी सरळ सांगितलं, "तिचा राग बरोबर आहे आणि तुझी नोकरीही बरोबर आहे. आता यातून वजाबाकी काही करता येणार नाही, थांब."

मग एक दिवस ऑफिसात माझ्या खिडकीशी आवाज आला. "मॅडम, जरा काम होतं." मी वर पाहिलं तर रंजना. तो 'मॅडम' इतका टोचला की मी उठून उभी राहिले. तिने पिशवीतून एक जुनं, कोपरे दुमडलेलं पुस्तक काढून खिडकीतून आत सरकवलं. दहावीचं इंग्रजी. "मी तुला पोहायला शिकवलं," ती म्हणाली, "तुला तरी कुठं येत होतं? आता तू शिकव." आणि मग, माझा चेहरा बघून, हळूच, "रडू नको, मागं लाइन लागलीय."

दर शनिवार-रविवारी मी तिला शिकवायला लागले आणि माझ्या लक्षात आलं की मी तिच्याइतकी चांगली शिक्षिका नाही. ती पाण्यात जितकी सरळ जायची तितकीच इंग्रजीत वाकडी. माझ्या आवडत्या खेळावर निबंध लिही म्हटलं तर तिने लिहिलं, 'माय फेवरेट गेम इज स्विमिंग बिकॉज देअर इज नो वॉकिंग.' मी लाल पेन उचललं आणि परत ठेवलं. त्यात दुरुस्त करण्यासारखं मला काही सापडलं नाही. चौथ्यांदा ती पुन्हा नापास झाली. "खोक, खोक, पण हात चालू ठेव," मी तिला म्हटलं आणि ती माझ्या अंगावर पुस्तक फेकून हसत सुटली. पाचव्या खेपेला पास झाली. पस्तीसला पास, हिला छत्तीस. "एक जास्तच पडला," ती म्हणाली, "सुमनताईंना देऊन टाकू."

दहावी झाल्यामुळे तिला तलावावर मुलींची शिकवणी घेण्याचं रीतसर काम मिळालं. तिथे तिचं खरं राज्य सुरू झालं. धडधाकट मुली, पोलिओच्या मुली, हात नसलेली एक, कमी दिसणाऱ्या दोघी, सगळ्या एकाच पाण्यात. पिंपळगावचा एक द्राक्षबागायतदार आपल्या मुलीला घेऊन आला आणि काठावरून म्हणाला, "मॅडम, हिला जरा सांभाळून, हिचा पाय अधू आहे." रंजना पाण्यातूनच म्हणाली, "कुठला?" त्याने दाखवला. "बरं," ती म्हणाली, "मग दुसऱ्याला जपू." मुलींना ती कधी शाबासकी द्यायची नाही. फार खूश झाली तर 'बरं हाय' म्हणायची, आणि तेवढं ऐकायला मुली जिवाच्या आकांताने पोहायच्या.

आमच्या गटात पुढे पुढे सहा, मग नऊ मुली यायला लागल्या. मी नववी यायचे. एका वर्षी रंजनाने माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "मीने, आता तू नाय आलीस तरी चालंल." मला कुठल्याही संघातून इतक्या प्रेमाने कुणी काढलेलं नाही. मी त्या वर्षी प्रेक्षकांत बसले आणि पहिल्यांदा तिला कोरड्या डोळ्यांनी, अंगावर पाणी न घेता, पोहताना पाहिलं. जमिनीवर ती झोके घेत चालायची ते मी रोज बघत होते, त्यामुळे असेल, पण पाण्यातल्या त्या बाईला मी ओळखलंच नाही. कुठे झटका नाही, घाई नाही. शेजारच्या बाई म्हणाल्या, कोण हो ही? मी म्हटलं, "आमची पहिली." ती तेव्हा तिशीची होती. त्यानंतर दोनच वर्षं.

परवा रविवारी तिची आई माझ्याकडे आली. मावशी आयुष्यभर पहाटे फुलबाजारात, दुपारी मळ्यात. मुलीची एकही शर्यत त्यांनी पाहिली नव्हती आणि तलावही कधी पाहिला नव्हता. "मला तिचा तो हौद दाखव," म्हणाल्या. मी घेऊन गेले. दुपारची वेळ, बॅच सुरू व्हायला अवकाश होता, पाण्यात कुणी नव्हतं. नऊवारी सावरत त्या काठावर बसल्या आणि चपला काढायला लागल्या तशी रखवालदारीण धावत आली. "आजी, साडीवर पाण्यात उतरायला परवानगी नाही." मावशी म्हणाल्या, "उतरते कुठं? पाय धुते." यावर परवानगीचा कुठला नियम लागतो हे तिला आठवेना आणि ती गेली.

मावशींनी एक पाय पाण्यात सोडला आणि एकदम वर घेतला.

"लय गार हाय गं."

"हो. दुपारीसुद्धा असतं."

"आन ती थंडीच्या दिवसांत पण यायची?"

"रोज. सकाळी सहाला."

त्या पाण्याकडे बघत राहिल्या. पलीकडच्या दारातून मुलींची बडबड ऐकू यायला लागली होती, कुणीतरी टोपी सापडत नाही म्हणून ओरडत होतं. "घरी कधी बोलली नाय," त्या म्हणाल्या. "एकदापण बोलली नाय, गार असतं म्हणून..."

मावशींनी तो पाय पुन्हा पाण्यात सोडला, थोड्या वेळाने दुसराही सोडला, आणि मुली येऊन एकेक करून पाण्यात उतरेपर्यंत तशाच बसून राहिल्या.